लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा

दुपारी रानात लघवीचा रंग कधी पाहिलात का? गडद पिवळी आणि थोडीच होत असेल, तर अंगात पाणी कमी पडलंय असे समजा.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या. दिवसाकाठी रक्तातून १८० लिटर पाणी गाळले जाते. पण बहुतेक सगळे परत रक्तात जाते, लघवीवाटे दीडेक लिटरच. घाम जास्त गेला की मूत्रपिंड लघवी घट्ट करून पाणी वाचवते. पण वाचवून वाचवून किती वाचवणार?

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर, निकाराग्वा या देशांत मधुमेह नसलेल्या तरण्याबांड ऊसतोड मजुरांचीही मूत्रपिंडे निकामी झाली. रणरणते ऊन, अंगमेहनत अन् अपुरे पाणी ही त्यामागची मोठी कारणे मानली जातात. आपल्याकडे तर टपरीवरची अंगदुखीची गोळी घ्यायची अन् पुन्हा कोयता हातात! अंगात पाणी कमी असताना ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. बरे, बिघाड बराच वाढेपर्यंत दुखत काहीच नाही. रक्तातले क्रिएटिनिन तपासले तरच कळते.

सरपंच, रोजगार सेवकांनीही रोजगार हमीच्या कामावर हजेरी घेताना रांजणात डोकावून बघावं.