स्फटिकाची पूर्वावस्था

पेरुंगुडीतील वास्तव्यात कधी कधी गिंडीला जाणे होते. तेथील विद्यापीठ-परिसरात जी. एन. रामचंद्रन यांनी उभारलेला स्फटिकविज्ञानाचा विभाग आहे. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली, ती क्ष-किरणांच्या आधारे. प्रथिनाची रचना बहुधा स्फटिकावरून वाचली जाते. परंतु तो स्फटिक मुळात घडतो कसा, हा प्रश्न निराळा आहे.

खडीसाखर करणारा दाट पाकात दोरा सोडून पाक सावकाश निवू देतो. निवालेल्या पाण्यात मावेल त्याहून अधिक साखर पाकात असते. ती दोऱ्यावर खडा धरते. प्रथिनाच्या स्फटिकीकरणाचे तत्त्वही असेच आहे. मात्र साखरेचा रेणू लहान, तर अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइमच्या एका रेणूत १२९ अमिनो आम्ले असतात. मिठाच्या योगे द्रावण अतिसंपृक्त केले म्हणजे हे रेणू एकत्र येऊ लागतात. स्फटिक डोळ्यांना दिसेपर्यंत या घटनेचा आरंभ होऊन गेलेला असतो.

येथे न्यूट्रॉन-प्रकीर्णन उपयोगी पडते. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतात, न्यूट्रॉन अणुकेंद्रांमुळे. साधा हायड्रोजन व त्याचाच जड भाऊ ड्यूटेरियम हे न्यूट्रॉनांना अगदी भिन्न रीतीने विखुरतात. म्हणून साध्या पाण्यात सुमारे ४० टक्के जड पाणी मिसळले, की प्रथिन पार्श्वभूमीत जवळजवळ लोपते. निव्वळ जड पाण्यात ते उठून दिसते. लहान कोनांत विखुरलेल्या न्यूट्रॉनांची मोजणी करून द्रावणातील कणांचे आकारमान काढता येते, आणि नाजूक प्रथिनाला इजाही होत नाही. तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत (१९८५) असे उपकरण आहे. या संशोधन-परंपरेतील एक अग्रणी आर. चिदंबरम हे मूळचे चेन्नईचेच. त्यांनी तुर्भे येथे न्यूट्रॉन-विवर्तनाने हायड्रोजन-बंधांचा अभ्यास केला.

लायसोझाइमच्या अतिसंपृक्त द्रावणांत सुट्या रेणूंबरोबर दोन-दोन व आठ-आठ रेणूंचे समूहही आढळले आहेत. मग हेच समूह स्फटिकाच्या विटा होत काय? तसे म्हणण्याचा मोह होतो. परंतु समूह स्फटिकाच्या आधी उपस्थित होता, एवढ्यावरून स्फटिक त्यानेच रचला असे सिद्ध होत नाही. त्यासाठी स्फटिक वाढत असता समूहांची संख्या कशी बदलते, आणि स्फटिक न देणाऱ्या द्रावणांत ते आढळतात की नाही, हे पाहावे लागते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा विवेक परका नाही. दोन भाषांतील कृतींत साम्य दिसले आणि त्यांतील एक आधीची असली, की आपण प्रभावाचा निष्कर्ष काढून मोकळे होतो. जेथे ते साम्य फलद्रूप झाले नाही, अशा कृती मात्र क्वचितच तपासतो. प्रयोगशाळेत ज्या द्रावणातून काहीच निपजले नाही, त्याचीही नोंद ठेवावी लागते. आपल्या ग्रंथसूचींत अशा नोंदींना अद्याप स्थान मिळालेले नाही.