लष्करी ट्रकला महामार्गाचा वेग देताना

अहिल्यानगरच्या रस्त्यांना लष्करी वाहनांची जुनी सवय आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे, मेकनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे केंद्र इथे आहे आणि खारे कर्जुनेचे सराव क्षेत्रही हाकेच्या अंतरावर. शिवाय लष्कराची वाहने घडवणारी आणि तपासणारी डीआरडीओची प्रयोगशाळा, म्हणजे नगरकरांची व्हीआरडीई, इथल्याच वाहननगरमध्ये. सैन्यातून निवृत्त झालेल्या ट्रकचा विचार करायला याहून योग्य जिल्हा महाराष्ट्रात नाही.

असा ट्रक लिलावात घेणारा माणूस पहिल्यांदा महामार्गाला लागला की एकाच गोष्टीने हैराण होतो. गाडी पळत नाही. साठीच्या आसपास इंजिन ओरडू लागते, केबिनमध्ये बोललेले ऐकू येत नाही आणि मागून येणारे कंटेनर हॉर्न देत पुढे निघून जातात. मग गॅरेजमध्ये एकच मागणी होते, ‘हिला जरा पळती करा.’ ही मागणी पुरी करता येते. पण ज्या गोष्टीमुळे हा ट्रक मंद आहे, तिच्यामुळेच तो मोलाचा आहे, हे आधी समजून घ्यायला हवे.

भारतीय सैन्याचा सर्वांत ओळखीचा ट्रक म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने तो 1959 पासून जबलपूरला बनू लागला, आधी गन कॅरेज फॅक्टरीत आणि नंतर व्हेईकल फॅक्टरीत. 1965 आणि 1971 या दोन्ही युद्धांत त्याने रसद वाहिली. 1996 मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि त्याची जागा अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचे ट्रक घेत गेले. या साऱ्यांच्या रचनेमागचा विचार एकच होता. डांबर संपले तिथून पुढे जायचे. राजस्थानच्या वाळूत, लडाखच्या चढावर, नदीच्या पात्रात, भरल्या बोज्यानिशी, चारही चाकांच्या जोरावर.

हा जोर गिअरांतून येतो. सोयीसाठी एक ट्रक मनात धरू. त्याचा पहिला गिअर 6, ट्रान्स्फर केसचा लो 2 आणि क्राऊन-पिनियन 6.7. तिन्हींचा गुणाकार होतो साधारण 80. म्हणजे इंजिन 80 फेरे फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. टायरचा व्यास 1.02 मीटर असेल, तर मिनिटाला 1,000 फेऱ्यांवर ट्रक ताशी जेमतेम अडीच किलोमीटर जातो. माणूस याहून भरभर चालतो. पण त्या चालीत चाकाला इतके बळ मिळते की चिखलात रुतलेला बोजा सरकतो आणि ब्रेकला पाय न लावता तीव्र उतार उतरता येतो.

तोच हिशेब टॉप गिअरला उलटतो. टॉप सरळ 1 असला, ट्रान्स्फर केसचा लो काढलेला असला आणि इंजिन 2,400 फेऱ्यांवर असले, तरी वेग 69 च्या आसपास थांबतो. तो वाढवायला तीन वाटा आहेत.

पहिली वाट मोठ्या टायरची. अमेरिकी सैन्याच्या अडीच टनी एम-35 ट्रकचे क्राऊन-पिनियन 6.72 चे आहे, म्हणजे आपल्या उदाहरणाच्या अगदी जवळ. तिथले हौशी मालक मूळ 9.00-20 टायर काढून 395/85 आर 20 मापाचे रेडियल बसवतात. व्यास 1.02 वरून 1.18 मीटर होतो आणि त्याच फेऱ्यांवर 69 चे 80 होतात. काम सर्वांत सोपे, पण त्याच्या मागे कामांची रांग लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासतो का, ते पाहावे लागते. मागची जोडचाके काढून एकेरी चाक लावले, तर बोजा पेलण्याची क्षमता घटते. स्पीडोमीटर 69 दाखवतो तेव्हा गाडी 80 ने धावत असते. फोर बाय फोर ट्रकला चारही बाजूंना एकाच व्यासाचे टायर लागतात, नाहीतर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढत राहतात.

दुसरी वाट क्राऊन-पिनियन बदलण्याची. 6.7 च्या जागी 5 चा जोड बसवला की मूळ टायरवरच हिशेब 92 पर्यंत जातो. पण मागचा बदलला की पुढचाही त्याच प्रमाणात बदलावा लागतो. आणि ताकदीची घट सगळ्या गिअरांत होते, पहिल्यातसुद्धा.

तिसरी वाट ओव्हरड्राइव्ह असलेल्या गिअरबॉक्सची. खर्च आणि खटपट जास्त, पण हीच सर्वांत विचारी वाट. खालचे गिअर जसेच्या तसे राहतात, वर फक्त 0.8 च्या आसपास एक गिअर वाढतो. चढाची ताकद शाबूत राहते आणि सपाटीवर इंजिन शांत होते. नवी लष्करी वाहने याच दिशेने गेली आहेत: जास्त गिअर, आणि पुष्कळ वाहनांत चालकाला बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी-जास्त करण्याची सोय.

मात्र कागदावर वाढलेला वेग रस्त्यावर मिळेलच असे नाही. हवेचा रोध कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 60 वरून 80 वर जाताना ती सुमारे 2.4 पट होते, आणि लष्करी ट्रकचे तोंड भिंतीसारखे सपाट. जुन्या इंजिनात तेवढा दम नसेल, तर पुण्याच्या रस्त्यावर कामरगावचा घाट आला की गिअर खाली आणावाच लागतो.

टायरची गोष्ट निव्वळ मापाची नाही. निवृत्त ट्रकवर बहुधा नायलॉन टायर असतात, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे. मातीत ते उत्तम पकड देतात. डांबरावर मात्र गुणगुणतात, ओल्या रस्त्यावर घसरतात आणि सलग वेगात तापतात. त्यातून ट्रक वर्षानुवर्षे एका जागी उभा असेल, तर नक्षी नव्यासारखी दिसते पण रबर म्हातारे झालेले असते. बाजूवरच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘2309’ म्हणजे 2009 चा तेविसावा आठवडा. वेगाची मर्यादाही अक्षरात असते: एफ म्हणजे 80, जी म्हणजे 90, जे म्हणजे 100. लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवायलाच हवे. उसळलेली रिंग माणसाचा जीव घेते.

यानंतर येतो ब्रेक. माझ्या मते सुरुवात इथूनच व्हायला हवी. 60 ऐवजी 80 ने धावणाऱ्या ट्रकला थांबवताना ब्रेकला 1.78 पट ऊर्जा जिरवावी लागते. त्यातच टायर मोठा केला, तर त्याच ड्रममधून रस्त्यावर मिळणारा रोध सुमारे 14 टक्क्यांनी कमी होतो. काम वाढले आणि बळ घटले. लायनर, ड्रम, एअर लाइन, स्टिअरिंगचे सांधे, प्रोपेलर शाफ्टचा तोल हे सगळे तपासल्याशिवाय गिअरला हात लावणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे.

वेग एकटा मोजायचा नसतो, ही शिस्त व्हीआरडीईसारख्या संस्थेत दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 126 व्या नियमात वाहन चाचणीसाठी ज्या संस्थांची नावे आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर व्हीआरडीईही आहे. म्हणजे रणगाड्यांच्या गावातली ही संस्था नागरी वाहनांनाही प्रमाणपत्र देऊ शकते. चाचणीत वेगासोबत थांबण्याचे अंतर, चढ, तापमान, आवाज, धूर असे सारे पाहिले जाते. एक बदलले की बाकीचे पुन्हा तपासायचे.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मनाने करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध केलेले बदल अमान्य ठरवले. त्यामुळे आरटीओचे पासिंग आधी विचारावे, पाना नंतर उचलावा. ट्रकचा ऑलिव्ह हिरवा रंगही उतरवावा लागतो, कारण 121 व्या नियमाने तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांचा आहे. आणि केंद्राने 2018 मध्ये मालवाहू वाहनांसाठी ठरवलेली कमाल मर्यादा चौपदरी महामार्गावरही 80 च आहे. मग 92 चा हिशेब कशासाठी?

नगर जिल्ह्यात पारनेर-पाथर्डीच्या वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात टँकर चढवावे लागतात, पावसाळ्यात ओढ्यापलीकडे सामान न्यावे लागते. तिथे या ट्रकचा लो गिअर लाखमोलाचा आहे. म्हणून त्याला पळवायचे असेल तर क्रम असा असावा: आधी ब्रेक, मग योग्य वयाचे आणि योग्य अक्षराचे रेडियल टायर, मग कागद, आणि शेवटी गरज उरलीच तर ओव्हरड्राइव्ह. उद्दिष्ट असावे ते इंजिनाला धाप न लागता सत्तरची स्थिर चाल. तेवढ्या चालीत तो महामार्गावर कुणाची वाट अडवत नाही, आणि डांबर संपल्यावर ज्या कामासाठी तो घडवला गेला, ते कामही त्याच्या हातून जात नाही.