इंजिन बदलायचे, पण गिअर बॉक्सचे काय?

रविवारी सकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवरून पुढे सरकलेली गाड्यांची रांग डोणजे, गोळेवाडी मागे टाकून सिंहगडाच्या घाटाला लागते, तेव्हा जुन्या गाड्यांचे वय उघडे पडते. सपाटीवर ऐटीत धावणारी वीस वर्षांची सफारी किंवा सुमो दुसऱ्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये येते, तिसऱ्या वळणावर पहिल्यात. मागे काळ्या धुराचा लोट आणि मागच्या गाडीवाल्याचा हॉर्न. घरी परतताना मालकाच्या मनात एकच विचार असतो : गाडीचा सांगाडा भक्कम आहे, पत्रा शाबूत आहे, मग इंजिनच बदलून टाकले तर?

विचार वावगा नाही. टाटा मोटर्सने १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी बाजारात आणली. चासिसवर बांधलेल्या या गाड्यांची हाडे मजबूत आहेत. दोन्हींचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. सफारीचे नाव २०२१ मध्ये परत आले, पण ती गाडी मुळातच वेगळी असून तिच्यात इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. म्हणजे जुनी गाडी आवडत असेल तर आहे तीच सांभाळणे भाग आहे. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. गॅरेजमध्ये चर्चा सुरू होते ती कोणते इंजिन अधिक ताकदीचे, या प्रश्नाने. वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे.

त्याआधी इंजिन खरोखरच संपले आहे काय, हे तपासले पाहिजे. चढावर दम तुटण्याची निम्मी कारणे इंजिनाच्या बाहेरची असतात. तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोच्या नळीला गेलेला तडा, झिजलेले नोझल, घसरणारी क्लच प्लेट ही त्यांतली नेहमीची. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. तो दुरुस्तीने जातो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला तर डिझेल अर्धवट जळते आहे किंवा हेडमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरते आहे. कॉम्प्रेशनची चाचणी हा खरा निकाल. त्यात एखादा आकडा किती आला यापेक्षा चार सिलिंडरांत तफावत किती, हे अधिक बोलके असते. तीन सिलिंडर चांगले आणि एक पडलेला असेल तर अख्खे इंजिन टाकून देण्याची घाई कशाला?

उंचीचाही हिशेब आहे. धरणाच्या पाण्यापासून गडाच्या माथ्यापर्यंतची चढण सुमारे सातशे मीटरची, आणि गड समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटरवर. दर शंभर मीटरला हवा विरळ होत जाते आणि टर्बो नसलेले इंजिन जवळपास एक टक्का ताकद गमावते. पहिल्या सुमोच्या १९४८ सीसीच्या, टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनाची ताकद नवेपणीच त्रेसष्ट अश्वशक्तीच्या आसपास होती. माथ्याजवळ ती पंचावन्नवर येणार, यात बिघाड काहीच नाही. टर्बोच्या गाडीला ही झळ कमी लागते. म्हणूनच एकाच वयाची सुमो मागे पडते आणि टर्बो असलेली सफारी पुढे जाते.

इतके करूनही इंजिनाचे आयुष्य संपलेच असेल, तर मार्ग तीन. पहिला, आहे त्याच इंजिनाचे पूर्ण काम करणे : बोअर, लायनर, पिस्टन, रिंगा, क्रँकचे ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग. दुसरा, त्याच प्रकारचे हाफ किंवा फुल इंजिन आणून बसवणे. टाटाची ‘प्रोलाइफ’ योजना जुना भाग परत घेऊन नव्याने बांधलेला भाग देते. तिचा रोख मुख्यतः व्यापारी वाहनांवर असला तरी चौकशी करून पाहावी. तिसरा मार्ग सर्वांत मोहाचा, म्हणजे दुसऱ्या जातीचे मोठे इंजिन बसवणे.

या मोहाला महाराष्ट्रात इतिहास आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपगाड्यांत डिझेल इंजिन बसवण्याचा उद्योग गावोगावच्या गॅरेजांनी वर्षानुवर्षे केला. महिंद्रानेही १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार करून आपल्या जीपला डिझेल इंजिन दिले. पुण्यात आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या परवान्याचे २.४ लिटरचे इंजिन होते आणि त्याच्या टिकाऊपणाची ख्याती अजून ओसरलेली नाही. पण कंपनीने केलेला बदल आणि गॅरेजमध्ये केलेला बदल यांत एक फरक आहे. कंपनी इंजिन बदलते तेव्हा मागचे सारे बदलते.

याचे अगदी जवळचे उदाहरण सफारीच्याच घरात सापडते. सुरुवातीच्या दोन लिटर टर्बोनंतर २००५ मध्ये तीन लिटरचे डायकॉर इंजिन आले, २००७ मध्ये १४० अश्वशक्तीचे आणि ३२० न्यूटन-मीटर पीळ देणारे २.२ लिटरचे. सफारी स्टॉर्ममध्ये पीळ ३२० असेपर्यंत पाच गतींचा गिअर बॉक्स चालला. २०१५ च्या अखेरीस तो ४०० वर नेला, तेव्हा कंपनीने सहा गतींचा नवा गिअर बॉक्स दिला. गिअर बॉक्सची मर्यादा ठरते ती पिळावर, अश्वशक्तीवर नव्हे. दोन लिटरच्या गाडीचा गिअर बॉक्स तसाच ठेवून त्यावर २.२ चे इंजिन चढवले तर पहिले काही महिने मालक खूष असतो. मग एखाद्या दिवशी भरल्या गाडीने चढावर उठताना आतला दात किंवा शाफ्ट उत्तर देतो.

ताकदीखेरीज गुणोत्तराचाही प्रश्न आहे, आणि इथे थोडे गणित करावेच लागते. सफारीच्या २३५/७५ आर १५ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.३ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावताना हे चाक मिनिटाला साधारण ५८० फेरे घेते. समजा, मागच्या धुरीचे गुणोत्तर साडेचारास एक आणि गिअर बॉक्सची वरची गती सरळ एकास एक आहे. तर इंजिन मिनिटाला २६०० फेऱ्यांवर ओरडत असते. धुरी चारास एक आणि पाचवी गती ०.८ असेल तर तेच काम साडेअठराशे फेऱ्यांत होते. आकडे उदाहरणादाखल आहेत. खरे आकडे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावेत. पण फरकाचे मोल त्यावरून कळते. सुमो स्पेशिओचे तीन लिटरचे साधे इंजिन मालवाहू गाडीच्या घराण्यातले, सावकाश फिरणारे. ते पहिल्या मांडणीवर बसवले तर घाट उत्तम चढेल, पण द्रुतगती मार्गावर त्याची हद्द लवकर संपेल. उलट वरच्या फेऱ्यांत खुलणारे इंजिन दुसऱ्या मांडणीवर बसवले तर महामार्गावर सुख आणि घाटात पुन्हा पहिला गिअर. शिवाय तीन लिटरचे डायकॉरही ‘तीन लिटर’च. नुसत्या लिटरवर जाऊन सौदा करणाऱ्याच्या पदरात काय पडेल, याचा भरवसा नाही.

म्हणून जाणते मिस्त्री सांगतात ते योग्यच आहे : घ्यायचे तर इंजिन, बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, गिअर बॉक्स आणि स्टार्टर हे सारे एकाच गाडीतून एकत्र काढलेले घ्यावे. फ्लायव्हीलचे दात आणि स्टार्टरचा गिअर, क्लच प्लेटच्या आतल्या खाचा आणि गिअर बॉक्सचा पुढचा शाफ्ट, क्रँकच्या टोकातले लहानसे बेअरिंग ही नाती कारखान्यात जुळलेली असतात. लेथवर जुळवलेली नाती थरथरतात. चारही चाके ओढणाऱ्या गाडीसाठी तर अधिकच सावध राहावे. तिच्या गिअर बॉक्सचा मागचा भाग साध्या गाडीपेक्षा वेगळा असतो, आणि गिअर बॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्टही नव्याने करून तोलून घ्यावा लागतो.

कॉमन रेल इंजिनाच्या बाबतीत यादी आणखी वाढते. जुन्या इंजिनाचा पंप यांत्रिक होता. त्याला डिझेल आणि बंद करण्याची एक वायर एवढे पुरे. डायकॉरसारख्या इंजिनाला त्याचा संगणक, त्याच गाडीची वायरिंग, अॅक्सिलरेटरचे इलेक्ट्रॉनिक पेडल, सेन्सर आणि किल्लीशी बांधलेले इमोबिलायझर असे सगळे बिऱ्हाड लागते. त्यातले एक विसरले तरी इंजिन सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन घाटात अचानक मंदावते. त्यातही पुण्यात १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ निकष लागू झाले. त्याच्या आगेमागे नोंदलेल्या गाड्यांतील एकाच नावाचे इंजिन प्रत्यक्षात सारखे असेलच असे नाही.

आता उतार. घाट चढण्याची चिंता सारे करतात, उतरण्याची फार थोडे. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला बळ देणारा व्हॅक्युम पंप आल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो, म्हणजे इंजिन बदलले की तोही बदलतो. तो नव्या जागी नीट जोडला गेला नाही किंवा अपुरा पडला, तर सिंहगडावरून उतरताना चौथ्या-पाचव्या वळणापर्यंत ब्रेकचे पेडल दगडासारखे होते. इंजिन जड असेल तर पुढचे टॉर्शन बार खाली बसतात, चाकांची बैठक बदलते आणि टायर एका कडेने झिजतात. दीडपट ताकदीच्या गाडीला जुनेच ब्रेक आणि जुनाच रेडिएटर हे कसले शहाणपण?

एवढे सारे जुळवणारा कुशल मिस्त्री मिळालाच, तरी संगम पुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा उंबरठा उरतोच. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. इंधनाचा प्रकार बदलणाऱ्या मान्यताप्राप्त संचाला वाट आहे, विजेवर चालवण्याच्या संचालाही. पण त्या संचाला त्या-त्या गाडीसाठी मंजुरी असावी लागते. गॅरेजमध्ये बसवलेल्या मोठ्या डिझेल इंजिनाला ही वाट लागू नाही.

त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवणे ही गोष्ट निराळी. तिथे बदलतो तो इंजिनाचा क्रमांक. त्यासाठी परिवहन कार्यालयाची मान्यता आधीच घ्यावी. न घेता बदल झाला असेल तर १४ दिवसांच्या आत तो कळवून प्रमाणपत्रात नोंदवून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. अनेकजण हे टाळतात, कारण रस्त्यावर बॉनेट उघडून क्रमांक पाहतो कोण? पाहतात ते अपघातानंतर, विमा कंपनीचे सर्वेक्षक. पॉलिसीवर एक क्रमांक आणि इंजिनावर दुसरा आढळला की दावा अडतो. समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला तर वाचवलेल्या चार हेलपाट्यांची किंमत कळते. गाडी पंधरा वर्षांची झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावी लागते, तेव्हाही हा प्रश्न पुढे येतोच.

भंगार बाजारातून इंजिन घेताना यासाठीच कागद आधी पाहावेत. ज्या गाडीतून ते काढले तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा, विक्रेत्याचे क्रमांकासह बिल, आणि ब्लॉकवरचा क्रमांक घासलेला वा नव्याने ठोकलेला नाही याची खात्री हवी. चोरीच्या गाडीचे इंजिन स्वस्तच मिळते. शक्य असेल तर इंजिन गाडीत असतानाच सुरू करून पाहावे. ऑइलचे झाकण काढले असता आतून वाफेसारखा धूर भसाभसा येत असेल तर रिंगा गेलेल्या आहेत. गिअर बॉक्सचे थोडे ऑइल बोटावर घेऊन पाहावे. पितळी चमक थोडी असतेच, पोलादाचे कण मात्र नसावेत.

खडकवासल्याच्या परिसरातील ज्या मालकाला आठवड्यात चार दिवस पुण्यात ये-जा आणि महिन्यातून एकदा पानशेत किंवा गडाकडे जायचे आहे, त्याने दोन लिटर टर्बोच्या सफारीत दोन लिटर टर्बोच घालावे. मोठ्या इंजिनावर जाणारा पैसा गिअर बॉक्सचे सिंक्रोनायझर व बेअरिंग, नवा क्लच, नवी फाउंडेशन रबरे, स्वच्छ केलेला रेडिएटर आणि ब्रेक यांवर घालावा. ज्याला खरोखरच १४० अश्वशक्ती हवी असेल त्याने त्या इंजिनाची चांगली राखलेली सफारी शोधावी. ती आपल्या गाडीत नवे इंजिन कोंबण्यापेक्षा बहुधा स्वस्तच पडते आणि कागद साफ असतात.

काम पूर्ण झाल्यावर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मिस्त्रीला शेजारी बसवून घाटात न्यावे. चढताना तापमानाचा काटा पाहावा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून गाडी इंजिनावर धरावी. गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल तर उरलेले पैसे देण्याआधी गिअर बॉक्स पुन्हा उतरवायला सांगावा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदलावे, फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, आणि तोवर भरल्या गाडीने गडाची वाट धरू नये.