मीठ मोजूनच घाला

थंडी पडली की माझ्या दुकानात मिठाला एक वेगळं गिऱ्हाईक येतं. कोडोलीत माझा किराण्याचा व्यवसाय, आणि गल्ल्याशेजारी दोन फुटी फिश टँक. त्यामुळे ज्याच्या घरी गोल्डफिश आजारी पडतो, तो इथे विचारायला येतो. वारणाकाठच्या या भागात हिवाळ्यात रात्री पाणी गारठतं आणि दुपारी पुन्हा कोमट होतं. मासे अशक्त होतात, आणि मग अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसायला लागतात. ‘मूठभर मीठ टाकायला सांगितलंय,’ असं म्हणत माणूस येतो. मी आधी विचारतो, टाकीत पाणी किती लिटर?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण मीठ इथे औषध आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरला साधारण 9 ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात बहुधा अर्धा ग्रॅमही नसतो. म्हणून बाहेरचं पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सारखं आत शिरत राहतं. मासा ते लघवीवाटे बाहेर काढतो आणि निसटलेले क्षार कल्ल्यांनी पुन्हा ओढून घेतो. जन्मभर चालणारं हे काम धडधाकट माशाला जाणवत नाही. कल्ले सुजले किंवा कातडीला जखम झाली, की तेच काम जड होतं. पाण्यात लिटरला एक-दोन ग्रॅम मीठ असलं तर आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि वाचलेली ताकद बरं होण्याकडे जाते.

ठिपक्यांचा जीव मात्र चिवट. इक्थियोफ्थिरियस हे त्याचं नाव, एकपेशीय परजीवी. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या कातडीखाली बसलेला असतो आणि तिथे त्याला मीठ पोचत नाही. पुरता वाढला की तो खाली गळून तळाशी चिकटतो, फुटून शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहत निघतात. मिठाचा मारा बसतो तो या पोहणाऱ्या पिल्लांवर. कोमट पाण्यात हा फेरा आठवड्याभरात उरकतो, गार पाण्यात खूप लांबतो. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले तरी मीठ काढायचं नाही, दहा-चौदा दिवस तसंच ठेवायचं. हीटर असेल तर पाणी हळूहळू 28 अंशांपर्यंत न्यावं, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप चालू हवाच.

आता हिशेब. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा. 60 बाय 30 ची टाकी, पाणी 25 सेंटिमीटर, म्हणजे 45 लिटर. खडी वजा केली की चाळीस धरा. लिटरला 2 ग्रॅम म्हणजे 80 ग्रॅम. ते मी तराजूवर तोलून देतो. एकदम ओतू नये. तांब्यात टाकीचंच पाणी घेऊन विरघळवावं आणि दिवसभरात तीन वेळा घालावं. खडे मीठ चांगलं. आयोडीनच्या मिठाची लोकांना फार भीती असते, पण एवढ्या प्रमाणात आयोडीन अगदी नगण्य असतं, त्याने मासा मरत नाही.

सगळ्याच माशांना हे सारखं मानवत नाही. मोली आणि आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्यांसाठी हौदात सोडतात ते गप्पी मीठ आनंदाने सोसतात. लोच, कोरीडोरस यांच्यासाठी निम्म्यानेच सुरुवात करावी. पाणवनस्पती असतील तर आजारी मासा दुसऱ्या टाकीत घ्यावा.

ठिपके नसताना मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर दुखणं वेगळं. नव्या टाकीत पहिल्या महिन्यात विष्ठेतून नायट्राइट साठतं, ते रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू नीट वाहता येत नाही. मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर त्याची वाट अडवतो, त्यासाठी लिटरला एक ग्रॅम भरपूर होतं. सोबत पाणी बदलणं आणि खाणं थांबवणं हवंच, नाहीतर मूळ कारण तसंच राहतं.

आमच्याकडच्या शेततळ्यांत रोहू-कटल्याची बोटुकली सोडण्याआधी 2-3 टक्क्यांच्या मिठाच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून घेतात, तीही हीच विद्या, फक्त तीव्र. घरच्या टाकीत ती करू नये.

आणि पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर मिठाने काही होत नाही. मी ते विकतही नाही, परत पाठवतो. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायचं आणि उपचार संपला की दर दोन दिवसांनी पाव टाकी बदलत जायचं.