परक्या डासांवर नागरिकांचा पहारा

मादागास्करची राजधानी अंतानानारिव्हो येथे २०२० साली कोणा नागरिकाने एका जुन्या टायरमध्ये साचलेल्या पाण्यातील अळीचे छायाचित्र मोबाइलवर टिपले आणि ‘नासा’च्या पाठबळावर चालणाऱ्या ‘ग्लोब ऑब्झर्व्हर’ या अ‍ॅपवर पाठवून दिले. असली छायाचित्रे जगभरातून हजारोंनी येत असतात. अमेरिकेतील साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे ते बारकाईने तपासले, तेव्हा ती ‘अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्सी’ या डासाची अळी असावी, असा निष्कर्ष निघाला. त्या बेटावर या जातीची तोवर नोंद नव्हती.

आफ्रिकेला हा डास परका असला, तरी आपल्याला तो चांगलाच परिचयाचा आहे. मुंबईतील हिवतापाचा तो जुना सूत्रधार. त्याचा शास्त्रीय जन्मदाखला तर थेट विदर्भातला आहे. ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरने १९०१ साली एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, छावणीतील डासांचा अभ्यास करताना या जातीचे प्रथम वर्णन केले आणि हिवतापाचे संशोधक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफेन्स यांचे नाव तिला दिले. दक्षिण आशिया आणि इराणी आखाताच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा हा डास गेल्या दशकभरात समुद्र ओलांडून गेला आहे.

त्याचे वेगळेपण समजून घेतले पाहिजे. आफ्रिकेत हिवताप पसरविणारे मूळचे डास प्रामुख्याने पावसाच्या डबक्यांत वाढतात. त्यामुळे तेथे हिवताप हा मुख्यतः खेड्यांचा आणि पावसाळ्याचा रोग मानला जातो. शहरे त्यामानाने सुरक्षित असतात. स्टीफेन्सीचे मात्र शहरावाचून अडत नाही, उलट शहरातच त्याचे फावते. विहीर, गच्चीवरील टाकी, हौद, पिंप, इमारतीच्या बांधकामावर साठविलेले पाणी अशा माणसाने भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात तो अंडी घालतो. पाणीटंचाई असली की लोक अधिक पाणी साठवितात आणि त्याची अधिकच सोय होते. म्हणजे उन्हाळाही त्याला वर्ज्य नाही.

जिबूती या चिमुकल्या देशात तो २०१२ साली सापडला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या ७३ हजारांवर गेली. या वाढीचे सारे खापर एका डासावर फोडता येणार नाही, परंतु तो मोठा भागीदार आहे, याबद्दल तज्ज्ञांत फारसे दुमत नाही. इथिओपियात त्याची नोंद २०१६ साली झाली. तेथील दिरे दावा शहरात २०२२ च्या कोरड्या महिन्यांत, म्हणजे एरवी हिवताप ओसरलेला असतो अशा काळात, साथ उसळली. विद्यापीठाची वसतिगृहेही तिच्यातून सुटली नाहीत. रुग्णांच्या घरांजवळ जे डास मिळाले, त्यांत स्टीफेन्सीचेच प्राबल्य होते. त्यानंतर सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना अशी यादी लांबतच गेली. हा डास आफ्रिकेत सर्वत्र पसरला तर आणखी १२ कोटी ६० लाख शहरवासी धोक्याच्या छायेत येतील, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला रोखण्यासाठी स्वतंत्र मोहीम जाहीर केली, ती याच पार्श्वभूमीवर.

श्रीलंकेचा अनुभवही बोलका आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये त्या देशाला हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उत्तरेकडील मन्नार येथील विहिरींत हा डास आढळला. प्रमाणपत्राची शाई वाळते न वाळते तोच पाहुणा दारात उभा!

असा डास येतो कसा? जहाजातील पाण्याच्या साठ्यांतून, मालाबरोबर, कदाचित वाऱ्यावरूनही. येतो तेव्हा मूठभर संख्येने येतो, आणि त्याला हुसकायचे तर तेव्हाच. एकदा शहरभर रुजला की त्याला समूळ उपटणे जवळजवळ अशक्य होते. पण नेमके त्याच वेळी त्याला शोधणे सर्वांत कठीण असते. आरोग्य खात्याकडे सापळे थोडे, कीटकतज्ज्ञ त्याहून थोडे, आणि पाण्याची भांडी लाखो, तीही लोकांच्या बंद दारांआड. हे भांडे रोज पाहणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे त्या घरातील माणूस.

ही साधी गोष्ट स्पेनने व्यवहारात उतरविली. आग्नेय आशियातील पट्टेरी ‘टायगर’ डास, अर्थात एडिस अल्बोपिक्टस, २००४ साली बार्सिलोनाजवळच्या सांत कुगात येथे प्रथम आढळला. तो डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवितो. इटलीत २००७ साली याच डासामुळे रावेन्ना परिसरात चिकुनगुन्याचे दोनशेहून अधिक रुग्ण झाले होते आणि त्या साथीचा आरंभ केरळहून आलेल्या एका प्रवाशापासून झाला होता. स्पेनमधील संशोधन संस्थांनी २०१४ साली ‘मॉस्किटो अलर्ट’ हे अ‍ॅप लोकांच्या हाती दिले. डास दिसला की छायाचित्र काढायचे, चावला तर तशी नोंद करायची, रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराच्या तोंडाशी पाणी साचलेले दिसले तर तेही कळवायचे. आलेले छायाचित्र कीटकतज्ज्ञ एकमेकांचे मत न पाहता तपासतात आणि नंतरच निर्वाळा दिला जातो. जर्मनीतील ‘म्युकनअ‍ॅटलास’ प्रकल्पाने २०१२ पासून निराळी रीत पाडली. तेथे लोक डास न चिरडता पकडतात, घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून मारतात आणि टपालाने प्रयोगशाळेकडे धाडतात. बर्फाशेजारी डास ठेवण्याची कल्पना आपल्याकडील स्वयंपाकघरात कितपत रुचेल, हा प्रश्न वेगळा!

या उद्योगातून खरोखर काही निष्पन्न झाले का? झाले. स्पेनच्या उत्तर टोकाला असलेल्या अस्तुरियास प्रांतातून २०१८ साली एका नागरिकाने छायाचित्र पाठविले. तो डास एडिस जापोनिकस निघाला. युरोपातील त्याची सर्वांत जवळची ज्ञात वस्ती तेथून सुमारे १,३०० किलोमीटर दूर होती. सरकारी सापळे तेथे लावलेलेच नव्हते, कारण लावावेत असे कोणाच्या मनातही आले नव्हते. याच गटातील संशोधकांनी ७७० मोटारी थांबवून तपासल्या, तेव्हा चार मोटारींत टायगर डासाच्या माद्या आढळल्या. प्रमाण हजारी पाच एवढेच. परंतु महानगराच्या परिसरात रोज लाखो गाड्या ये-जा करतात, हे ध्यानात घेतले की डास महामार्गांच्या कडेने का पसरतो, हे कळते.

मात्र लोकांकडून आलेल्या माहितीला जपूनच वाचावे लागते. जेथे स्मार्टफोन आणि फुरसत अधिक, तेथून नोंदी अधिक येतात. म्हणून तेथे डास अधिक आहेत असे होत नाही. यासाठी स्पॅनिश संशोधक अ‍ॅप वापरणाऱ्यांचा वावर कोणत्या भागात किती, याचा ढोबळ अंदाज घेऊन आकड्यांना वजन देतात. दुसरी मर्यादा ओळखीची. टायगर डासाच्या पाठीवरील पांढरी रेघ साध्या छायाचित्रातही उठून दिसते. स्टीफेन्सीचे तसे नाही. त्याच्या सोंडेशेजारच्या स्पर्शकांवरील ठिपके पाहायचे तर भिंगच हवे, आणि पक्की खात्री हवी असेल तर डीएनए तपासणीला पर्याय नाही. मादागास्करच्या बाबतीत ‘असावी’ हा शब्द त्यासाठीच वापरावा लागतो. त्यातून निघणारा तिसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नागरिकाने कळविल्यावर पलीकडे कोणी जागे असायला हवे. पाठविलेले छायाचित्र महिनोन्‌महिने पडून राहिले, तर लोक पुन्हा तसदी घेत नाहीत आणि डास तर थांबतच नाही.

लोकांना विश्वासात घेण्याचा प्रश्न मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवला आहे. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातील हिवतापाची पाहणी करून १९११ साली अहवाल दिला आणि घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखविले. विहिरी बुजविण्याचे किंवा झाकण्याचे आदेश निघताच हिंदू आणि पारशी समाजांतून धार्मिक आक्षेप उसळले. कित्येकांच्या दृष्टीने विहिरीत देवतेचा वास होता आणि पूजेला सूर्यप्रकाश पाहिलेले पाणीच लागत असे. महापालिकेचे चिटणीस राहिलेल्या रुस्तम मसानी यांनी १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर एक आख्खे पुस्तक लिहिले, त्याचे बीज याच वादात होते. पुढे बहुतेक विहिरी झाकल्या गेल्या आणि डासाने आपला मुक्काम गच्चीवरील टाक्यांत हलविला.

आजही मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याखाली डासांची पैदास आढळलेल्या जागेच्या मालकाला नोटीस बजावता येते, खटलाही भरता येतो. या तरतुदीची गरज आहे. बांधकामाच्या ठिकाणी महिनोन्‌महिने पाणी साचू देणाऱ्याला विनवण्या करून भागत नाही. परंतु तिच्यामुळे नागरिक हा प्रथम संशयित ठरतो आणि खबऱ्या होण्यास कचरतो. आपल्याच सोसायटीच्या टाकीत अळ्या दिसल्या तर फोन कोणाला करायचा, आणि केल्यावर कर्मचारी औषध घेऊन येईल की नोटीस, अशी शंका ज्याच्या मनात येते तो गप्प बसणेच पसंत करील. स्वतःहून कळविणाऱ्याला ठराविक मुदतीपर्यंत दंडातून सूट मिळाली पाहिजे, असे माझे मत आहे.

दरम्यान, ज्याला घरच्या घरी पाहावयाचे आहे त्याला अ‍ॅपचीही गरज नाही. टाकीचे झाकण उघडून पाण्यावर विजेरीचा झोत टाकावा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असेल तर ती अ‍ॅनाफिलीसची, म्हणजे हिवतापाच्या कुळातील. डोके खाली आणि शेपटाकडील श्वासनलिका वर अशी तिरकी लोंबकळत असेल तर ती एडिस किंवा क्युलेक्सची. पूर्ण वाढलेला अ‍ॅनाफिलीस भिंतीवर बसताना पार्श्वभाग उंच करून तिरका बसतो. इतर डास भिंतीला समांतर राहतात. अंड्यापासून डास होण्यास आपल्याकडील उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पिंपे, हौद, कुंडीखालच्या बशा आणि फ्रिजमागचा ट्रे रिकामे करून घासून कोरडे करायचे, या ‘कोरड्या दिवसा’चे गणित त्यावरच बेतलेले आहे. घासायचे अशासाठी, की एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी लागताच उमलतात. ज्या टाकीला रिकामे करता येत नाही, तिचे झाकण घट्ट बसते की नाही आणि हवेच्या नळीच्या तोंडावर जाळी आहे की नाही, एवढे पाहावे. वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडता येतात.