तांड्यावरून फडाकडे

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात 2011च्या जनगणनेनुसार सुमारे 12 लाख लोक राहतात, त्यांतील 80 टक्क्यांहून अधिक खेड्यांत. शेती मुख्यतः पावसावरची. सोयाबीन निघाले की तुरीखेरीज शिवारात फारसे काम उरत नाही, आणि दिवाळीनंतर मानोरा, मालेगाव भागांतल्या तांड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे बांधकामावर निघतात. ऊसतोडीत मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. बाईच्या श्रमाची वेगळी नोंदच होत नाही, हे या व्यवस्थेतले सर्वांत मोठे वैगुण्य. मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावात हंगामी वसतिगृहांची योजना आहे.

या तांड्यांवरच्या बंजारा समाजाला वाट नवी नाही. पूर्वी लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचेच, बैलतांडे धान्य व मीठ वाहत. रेल्वे आल्यावर तो व्यापार बुडाला. समाजाचे तीर्थक्षेत्र असलेल्या पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेला मात्र दूरवर पांगलेले तांडे आजही एकत्र येतात.

हे हंगामी स्थलांतर आकड्यांत मात्र नीट उमटत नाही. जनगणनेत लग्नामुळे सासरी गेलेली स्त्रीही स्थलांतरित ठरते. काही महिन्यांसाठी उसाच्या फडावर गेलेले कुटुंब मात्र बहुधा मोजणीतून निसटते.