भूदलाचा वैमानिक सेनापति

लष्करी पदव्यांच्या वाटणींत एक सरळ नियम दिसतो. भूमीवर लढणाऱ्या सैन्याचा श्रेष्ठ अधिकारी तो जनरल, समुद्रावरचा तो ॲडमिरल आणि आकाशांतला तो एअर मार्शल. या नियमाला बाजूस सारणारा एक अधिकारी भारतीय सैन्यांत आहे. त्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख असतात, उमेदीचा काळ त्यानें हेलिकॉप्टर चालविण्यांत घालविलेला असतो, आणि तरीहि त्याची पदवी लेफ्टनंट जनरल हीच असते. भूदलाच्या विमान-शाखेचा, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअरचा, हा महासंचालक दिल्लीस बसतो; परंतु त्याच्या दलाचें विद्यापीठ नाशिकास आहे. नाशिकरोडच्या वाटेवर गांधीनगरच्या विमानतळावरून घरघरत उठणारीं हेलिकॉप्टरें नाशिककरांच्या नित्य परिचयाचीं आहेत. वायुदल असतांना भूदलाला निराळे वैमानिक कां लागावेत, आणि अशा वैमानिकाचा जनरल कसा होतो, हें समजून घेण्यासाठीं मात्र प्रथम तोफखान्याकडे वळावें लागतें.

तोफ डागणारा गोलंदाज आपलें लक्ष्य बहुधा डोळ्यांनीं पाहत नाहीं. तें टेकडीपलीकडे, कित्येक मैल दूर असतें. गोळा कोठें पडला हें पाहून ‘दोनशें यार्ड पुढें’, ‘शंभर यार्ड डावीकडे’ अशी दुरुस्ती सांगणारा निरीक्षक पुढच्या उंचवट्यावर बसलेला असतो, आणि अशा कांहीं दुरुस्त्यांनंतर मारा लक्ष्यावर येतो. सपाट मुलखांत किंवा दाट झाडींत असा उंचवटा मिळत नाहीं. तेव्हां निरीक्षकालाच वर नेणें हा उपाय उरतो. प्रथम त्यासाठीं फुगे वापरले गेले, मग विमानें आलीं. परंतु वायुदलाचा वैमानिक कितीहि कुशल असला तरी तोफेची भाषा त्याच्या अंगवळणीं पडलेली नसे. ब्रिटिश तोफखान्यांतील कॅप्टन चार्ल्स बेझली हा स्वतः हौशी वैमानिक होता. वैमानिकाला तोफखाना शिकविण्यापेक्षां तोफखान्याच्या अधिकाऱ्यालाच विमान चालविण्यास शिकवावें, असा त्याचा आग्रह होता. १९४० सालीं या कल्पनेची परीक्षा झाली आणि १९४१ मध्यें अशा वैमानिकांचें पहिलें स्क्वाड्रन उभें राहिलें. विमानें व यंत्रज्ञ वायुदलाचे, वैमानिक मात्र तोफखान्याचे, अशी ही भागीदारी होती. ऑस्टर नांवाचें हलकें, कापडानें मढविलेलें विमान घेऊन हे अधिकारी शेतांतूनहि उड्डाण करीत.

महायुद्धाच्या अखेरीस यांपैकीं ६५९ क्रमांकाचें स्क्वाड्रन भारतांत आलें. १९४७ च्या ऑगस्टमध्यें तें विसर्जित झालें, आणि त्याच सुमारास स्वतंत्र भारताच्या सैन्यांत ‘एअर ओ.पी.’ या नांवानें पहिली भारतीय तुकडी जन्मास आली. ओ.पी. म्हणजे निरीक्षणाचें ठाणें. येथें तें ठाणें आकाशांत होतें इतकेंच. नाशिकचा या विद्येशीं संबंध येतो तो या नात्यानें. देवळालीस तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला तोफखान्याचें केंद्र, आणि आसपास तोफांच्या सरावाचीं विस्तीर्ण मैदानें, असा हा सारा परिसर गोलंदाजांचा आहे.

निरीक्षकाच्या या डोळ्याचें मोल १९७१ सालीं राजस्थानच्या वाळवंटांत दिसलें. ४ डिसेंबरच्या रात्रीं लोंगेवालाच्या ठाण्यावर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालीं पंजाब रेजिमेंटची एक कंपनी होती, आणि वायुदलाच्या हंटर विमानांना रात्रीं लढण्याची सोय नव्हती. उजाडतांच जैसलमेरहून हंटर आलीं. त्या वेळीं मेजर आत्मासिंग हे ‘कृषक’ नांवाच्या लहानशा भारतीय बनावटीच्या विमानांतून वर घिरट्या घालीत वैमानिकांना लक्ष्यें दाखवीत होते. वेगवान विमानाला वाळूंतला रणगाडा शोधण्यास क्षणांचाच अवधि मिळतो. संथ विमानांतल्या निरीक्षकाला मात्र सारें रणांगण एखाद्या नकाशाप्रमाणें दिसत असतें. त्याच्याजवळ स्वसंरक्षणाचें साधन जवळजवळ नसतेंच.

पुढें विमानाची जागा हेलिकॉप्टरनें घेतली आणि कामाचा व्याप वाढला. १९८४ च्या एप्रिलमध्यें भारतीय सैन्य सियाचीनच्या हिमनदीवर चढलें, त्यानंतर वीस हजार फुटांच्या आसपास राहणाऱ्या जवानांचें जीवन हेलिकॉप्टरवर अवलंबून राहिलें. तेथें हवा इतकी विरळ कीं पंख्याच्या पात्यांना आधार मिळत नाहीं आणि इंजिनाची शक्तिहि घटते. येथें कामास येणारें ‘चीता’ म्हणजे ‘लामा’ या फ्रेंच हेलिकॉप्टरची भारतीय आवृत्ति होय. १९७२ सालीं झां बूले या फ्रेंच वैमानिकानें लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेऊन विक्रम केला होता. परंतु विक्रमासाठीं रिकामें यंत्र वर नेणें आणि ओझें घेऊन तळहाताएवढ्या बर्फाच्या ओट्यावर उतरणें यांत फार अंतर आहे. सर्वांत उंच ठाण्यांवर एका खेपेंत एखादा रॉकेलचा डबा, थोडें अन्न, इतकेंच नेतां येतें. पातीं फिरतीं ठेवूनच सामान उतरवितात आणि परततांना हिमदंशानें जायबंदी झालेला जवान खालीं आणतात. हा वैमानिक त्या जवानाच्याच सैन्यांतला असतो, किंबहुना कधीं काळीं त्यानेंहि अशा ठाण्यावर दिवस काढलेले असतात. भूदलाचा वैमानिक निराळा कां, याचें याहून स्पष्ट उत्तर सांपडणें कठीण.

तथापि हें उत्तर सर्वांना एकदम पटलें नाहीं. उडणारें प्रत्येक यंत्र वायुदलाच्या हातीं असावें, म्हणजे प्रशिक्षण, दुरुस्ती आणि खर्च यांची द्विरुक्ति टळेल, हा युक्तिवादहि निराधार नव्हता. उलट पक्षीं, लढाईच्या ऐन क्षणीं दुसऱ्या दलाकडे मागणी करावी लागणें ही भूदलाची खरी अडचण होती. अखेर १ नोव्हेंबर १९८६ रोजीं ही शाखा तोफखान्यापासून वेगळी होऊन स्वतंत्र कोअर बनली. पुढील वर्षींच तिला श्रीलंकेंतील मोहिमेस जावें लागलें. शस्त्रसज्ज ‘रुद्र’ २०१३ पासून आणि ‘अपाचे’ २०२५ च्या जुलैपासून तिच्या ताफ्यांत आलीं. पाहणारा डोळा आतां प्रहार करणारा हातहि झाला.

शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था त्यानंतर पूर्ण झाली. २००३ सालीं गांधीनगर येथें ‘कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल’ स्थापन झालें. १० ऑक्टोबर २०१९ रोजीं राष्ट्रपति रामनाथ कोविंद यांनीं कोअरला सन्मानाचा ध्वज दिला, तो समारंभ नाशिकरोडलाच झाला. २५ मे २०२२ रोजीं महासंचालक लेफ्टनंट जनरल अजयकुमार सुरी यांच्या हस्तें येथें नव्या वैमानिकांना पंख मिळाले. त्यांत कॅप्टन अभिलाषा बराक या होत्या. २०१८ सालीं त्यांची नेमणूक हवाई संरक्षण दलांत झाली होती. तेथून त्या या शाखेंत आल्या आणि भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या.

त्यांचा हा मार्ग या शाखेच्या परंपरेस धरूनच आहे. येथील अधिकारी पूर्वापार आधीं पायदळ, तोफखाना किंवा अन्य दलांत सैनिक होत आणि मग वैमानिक. उड्डाणाची उपजत पात्रता व प्रकृति यांची कसोटी उतरल्यावर नाशिकास शिक्षण, नंतर डोंगरांत, वाळवंटांत, सीमेवर वर्षानुवर्षें उड्डाणें. कांहींजण शिक्षक म्हणून पुन्हां नाशिकास येतात. मग स्क्वाड्रनचें नेतृत्व, त्यानंतर ब्रिगेडियर, मेजर जनरल, आणि फारच थोड्यांच्या वांट्याला लेफ्टनंट जनरलचें पद. पद जसजसें वाढतें तसतसें आकाश दुरावतें. कॅप्टन एका हेलिकॉप्टरची आणि त्यांतल्या माणसांची जबाबदारी घेतो. जनरलला साऱ्या ताफ्याची घ्यावी लागते.

ही जबाबदारी किती जड आहे, हें चीता आणि चेतक यांच्या वयावरून कळतें. दोहोंचा मूळ आराखडा विसाव्या शतकाच्या मध्याचा आहे, आणि त्यांच्या अपघातांत अनेक तरुण अधिकारी दगावले आहेत. त्यांची जागा घेण्यासाठीं बांधलेलें हलकें भारतीय हेलिकॉप्टर २०१६ सालीं प्रथम उडालें, पण दशकभरानें देखील जुनीं यंत्रें निवृत्त झालेलीं नाहींत. तीं जमिनीवर ठेवावीं तर उंच ठाण्यावरच्या आजारी जवानास खालीं कोण आणणार, आणि उडवावीं तर त्यांत बसणाऱ्या मुलाच्या आईबापांना काय सांगावें, असा हा पेंच आहे. ज्यानें स्वतः त्या ओट्यावर हेलिकॉप्टर उतरविलें आहे, त्याच्याच हातीं हा निर्णय असावा, यासाठींच भूदलाला वैमानिक जनरल लागतो.